मोटरहोमचा जनरेटर सुरू होतो पण टिकत नाही: बिघाड कसा शोधायचा

जनरेटर मुळीच सुरू होत नसेल तर शोध तसा सोपा असतो. पण तो पहिल्याच झटक्यात सुरू होतो, आवाजही छान देतो आणि दहा सेकंदांनी, अर्ध्या मिनिटाने किंवा अर्ध्या तासाने बंद पडतो, तेव्हा कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. मग एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. आधी स्पार्क प्लग, मग फिल्टर, मग कार्बोरेटर. मीही असाच एक नवा कार्बोरेटर बसवला होता. दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला पडलेल्या केसाएवढ्या चिरेत. त्यातून पेट्रोल बाहेर गळत नव्हतं, हवा आत ओढली जात होती. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी घड्याळ हातात घेतो. जनरेटर किती वेळाने आणि कसा बंद पडतो, यातच निम्म्याहून जास्त उत्तर असतं.

पुढचं विवेचन मुख्यतः गाडीत कायम बसवलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरला धरून आहे. डिझेल आणि एलपीजीबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

हात घालण्यापूर्वी

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बिघाड शोधताना जनरेटर वारंवार सुरू करावा लागतो आणि तेवढ्यात गाडीत कुणी झोपलेलं असेल तर तो धूर जिवावर बेतू शकतो. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये हे काम करूच नका, दार उघडं ठेवूनही नको. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते बटण दाबून पाहा आणि जनरेटरच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. मोटरहोममध्ये फ्रिज, पाणी तापवायचा गीझर, शेगडी ही गॅसवर चालणारी उपकरणं असतात आणि त्यातल्या काहींची ज्योत आपोआप पेटते. पेट्रोलचा पाइप सोडवण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. अग्निशामक जवळ असू द्या. गाडीत जनरेटर आपोआप सुरू करणारी यंत्रणा असेल तर ती बंद करा आणि इंजिनच्या आत हात घालताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. बॅटरी उतरली म्हणून जनरेटर स्वतःहून सुरू झाला आणि तुमची बोटं पंख्याजवळ असली, तर काय होईल ते सांगायला नको.

पहिली पायरी: बंद पडताना नीट पाहा, ऐका

कागद-पेन्सिल घ्या आणि जनरेटर तीन-चार वेळा सुरू करून प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती सेकंद किंवा मिनिटं चालला, बंद पडताना आवाज कसा होता, आणि त्या वेळी त्याच्यावर लोड होता का.

आवाज फार बोलका असतो. दिवा मालवावा तसं इंजिन एकदम थांबलं, तर बहुधा कुणीतरी त्याची ठिणगी किंवा वीज तोडली आहे: कंट्रोल बोर्डने, ऑइलच्या स्विचने किंवा निकामी होत चाललेल्या कॉइलने. उलट रेस वर-खाली झाली, इंजिनला धाप लागली, एक-दोन गचके खाल्ले आणि मग ते विझलं, तर इंधन किंवा हवा कमी पडते आहे. हा फरक एकदा कानाला कळला की शोधाचं क्षेत्र अर्ध्यावर येतं.

लगेच दुसरी एक चाचणी करा, तिला काहीच खर्च नाही. जनरेटरच्या अंगावर असलेला त्याचा स्वतःचा ब्रेकर पाडून ठेवा आणि मग जनरेटर चालवा. ब्रेकर पाडलेला असताना तो निवांत चालत राहिला आणि ब्रेकर चढवला की बंद पडला, तर लोडकडे पाहा. दोन्ही वेळा सारखाच बंद पडला, तर गाडीतला एसी आणि वायरिंग तूर्तास बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: जनरेटर स्वतः काय सांगतोय

बऱ्याच मॉडेल्समध्ये बंद पडल्यावर स्टार्टच्या बटणातला दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. कमिन्स ओनान या कंपनीच्या अनेक जनरेटरवर दोनदा लुकलुकणं म्हणजे ऑइलचा दाब कमी, चारदा म्हणजे ठरलेल्या वेळात इंजिन सुरू झालं नाही, आणि तीनदा म्हणजे आणखी एक तपशीलवार कोड आत दडलेला आहे. तो पाहायला स्टॉपचं बटण तीन वेळा दाबावं लागतं. त्यात ३६ हा कोड आला तर अर्थ असा, की बोर्डने बंद केलं नाही, इंजिन स्वतःच थांबलं. म्हणजे शोध इंधन, ठिणगी आणि हवा यांच्याकडे वळवायचा. प्रत्येक मॉडेलचा तक्ता वेगळा असतो, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल फोनमध्ये असू द्या. पण कोड हे लक्षण आहे, निदान नव्हे. ३६ दिसला म्हणून कार्बोरेटर मागवू नका.

तिसरी पायरी: साध्या गोष्टी

गाडीच्या टाकीत पेट्रोल किती आहे? जनरेटरने सगळं इंधन पिऊन तुम्हाला अडकवू नये, म्हणून त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही. साधारण पाव टाकी उरली की त्याला पेट्रोल मिळणं थांबतं आणि गाडीचं इंजिन मात्र व्यवस्थित चालत असतं. उतारावर उभी असलेली गाडी हाच प्रकार आणखी लवकर घडवते. गाडी सपाटीवर घ्या, टाकी निम्म्याच्या वर न्या आणि मग पुन्हा पाहा.

ऑइलची पातळी त्याच सपाट जागेवर तपासा. ऑइल कमी असलं की संरक्षक स्विच इंजिन बंद करतो, हे सर्वांना ठाऊक असतं. पण जास्त भरलेलं ऑइलही फेसाळतं आणि त्रास देतं.

मग बॅटरी. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. अनेक जनरेटर ही बॅटरी स्वतः फारशी चार्ज करत नाहीत, पण त्यांचा फ्यूएल पंप आणि बोर्ड तिच्यावरच चालतात. टर्मिनलवर हिरवट-पांढरा गंज असेल किंवा जनरेटरच्या सांगाड्याचं अर्थिंग सैल असेल, तर इंजिन सुरू होण्यापुरती वीज येते आणि नंतर पंप मलूल पडतो. अर्थिंगचा नट सोडवून जागा घासून चकचकीत करा. वरून पाहून ते ठीक वाटतं, पण आतून गंजलेलं असतं.

एअर फिल्टर काढून पाहाच. आणि हवा जाण्या-येण्याचे मार्गही बघा. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या जनरेटरमध्ये उंदीर आणि कुंभारमाशी हमखास घर करतात.

चौथी पायरी: वेळेवरून निदान

*स्टार्टचं बटण सोडताच बंद.* बटण दाबलेलं असताना इंजिनला ठिणगी आणि इंधन मिळत असतं. ते सोडलं की बोर्ड पुरावा मागतो: ऑइलचा दाब आला का, किंवा जनरेटर वीज तयार करतोय का. पुरावा मिळाला नाही की तो ठिणगी तोडतो. म्हणून एकाला बटण काही सेकंद दाबून ठेवायला सांगा आणि जनरेटरच्या आउटपुटवर मल्टीमीटर लावा. ही जीवघेणी वीज आहे, मीटरच्या वायरी आधी जोडा आणि मगच इंजिन सुरू करा. १२० किंवा २३० व्होल्टऐवजी जेमतेम दोन-पाच व्होल्ट दिसले, तर दोष वीज तयार करणाऱ्या भागात आहे. ब्रशवाल्या मॉडेलमध्ये कार्बन ब्रश झिजलेले किंवा अडकलेले असतात, किंवा बराच काळ न चालल्यामुळे स्लिप रिंगवर काळा थर चढलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून निघतो. ब्रश नसलेल्या मॉडेलमध्ये कपॅसिटर किंवा रेग्युलेटर तपासावा लागतो.

व्होल्टेज बरोबर असेल आणि तरी बंद पडत असेल, तर ऑइलचा स्विच आणि बोर्डकडे जाणाऱ्या वायरी पाहा. इथे घाई करू नका. दाब आल्यावर काही स्विच उघडतात, काही मिटतात, त्यामुळे वायर काढून तपासायचं की जोडून, हे मॅन्युअल पाहूनच ठरवायचं. स्विचवर संशय आला तर त्या जागी दाबाचा गेज लावून खरा दाब मोजा. तो मोजल्याशिवाय स्विचला बगल देऊन जनरेटर चालवला, तर बेअरिंग जाळून घ्याल.

*पाच सेकंद ते एक मिनिट.* इंधनाचा सर्वांत जास्त आढळणारा बिघाड इथे सापडतो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, थोडं पेट्रोल साठलेलं असतं. तेवढ्यावर इंजिन सुरू होतं. नवं पेट्रोल येत नसेल तर ती वाटी रिकामी होताच ते विझतं. सुरू करण्याआधी पंपाचं प्रायमिंग केलं, म्हणजे नुसता पंप चालवून बाउल भरून घेतला, की जास्त वेळ टिकतो, असंही दिसेल.

यावरची मला सर्वांत आवडती चाचणी अशी. जनरेटर बंद पडल्यावर कोणतंही बटण दाबू नका, पंप चालू होता कामा नये. सायलेन्सर निवू द्या. मग बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल छोट्या भांड्यात घ्या. बाउल कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही: पंप, फिल्टर, पाइप, टाकी यांच्याकडे जा. बाउल भरलेला असेल तर पेट्रोल दारापर्यंत आलं आहे आणि आत शिरत नाही, म्हणजे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं असलेले भाग) तुंबलेत, किंवा बाउलखालचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) बंद झालाय, किंवा दोष ठिणगीत आहे. भांड्यातलं पेट्रोलही बघा. तळाशी पाण्याचे गोळे, तपकिरी कण किंवा जुन्या वार्निशसारखा उग्र वास असेल तर उत्तर समोर आहे.

*बरोबर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, खट् असा आवाज होऊन.* गाडीतला ट्रान्सफर स्विच जनरेटर स्थिर होईपर्यंत साधारण २० ते ३० सेकंद थांबतो आणि मग सगळा लोड त्याच्यावर टाकतो. एसी, बॅटरीचा चार्जर आणि गीझर एकाच क्षणी मागे लागले तर कमजोर इंजिन कोलमडतं. आधीची ब्रेकरची चाचणी इथे कामी येते.

*दोन-तीन मिनिटांनी काळा धूर सोडून.* चोक, म्हणजे थंड इंजिनाची हवा अडवणारी झडप, उघडत नाही. इलेक्ट्रिक चोक तापल्यावर हळूहळू उघडला पाहिजे. एअर फिल्टर काढून त्याची पट्टी हलते का, ते डोळ्यांनी पाहा.

*वीस मिनिटं ते तासाभराने, आणि थंड झाला की पुन्हा ठणठणीत.* उष्णता. इथे दोन संशयित एकसारखे वागतात. गरम झालेली इग्निशन कॉइल ठिणगी देणं थांबवते आणि निवली की परत देते. थंड असताना तिचा रेझिस्टन्स मोजला तर तो बरोबर येतो आणि आपण फसतो. दुसरा संशयित म्हणजे व्हेपर लॉक: सायलेन्सरजवळून गेलेल्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. फरक ओळखायचा तर स्पार्क टेस्टर आधीच प्लगच्या वायरीत लावून जनरेटर चालवा. इंजिन मरताना टेस्टरची ठिणगी आधी गेली तर कॉइल किंवा बोर्ड. इंजिन थांबेपर्यंत ठिणगी येतच राहिली तर इंधन. टाकीचं झाकण सैल करून पाहायलाही विसरू नका. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर जनरेटर टिकला, तर झाकणाचं वायुछिद्र बुजलेलं आहे.

जनरेटर तापतो म्हणून कप्प्याचं दार उघडं ठेवून चालवणारे मी बरेच पाहिले आहेत. पुष्कळ मॉडेल्समध्ये याचा उलट परिणाम होतो. झाकणं बंद असतील तेव्हाच पंख्याची हवा सिलिंडरवरून नेमक्या वाटेने जाते. गाडी भिंतीला खेटून उभी असेल तर तीच गरम हवा फिरून आत येते, तेही पाहा. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणगीरोधक जाळी काजळीने भरली तर इंजिनचा श्वास कोंडतो. आणि सगळं ठीक असूनही गरम झाल्यावरच दम जात असेल, तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मोजून घ्या. ते फार कमी झालं की तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.

पाचवी पायरी: इंधनाची वाट तोडून पाहा

गाडीची टाकी आणि लांबलचक पाइप यांना एका झटक्यात संशयातून वगळायचं असेल, तर पंपाकडे येणारा पाइप सोडवून तिथे ताज्या पेट्रोलच्या मंजूर डब्यातून छोटा पाइप जोडा. डबा घट्ट उभा करा, सायलेन्सरपासून दूर. जनरेटर आता तासभर चालला तर पंप, कार्बोरेटर, ठिणगी, बोर्ड हे सगळे निर्दोष सुटले. राहिला तो पाइप, त्यातला फिल्टर किंवा टाकीतली नळी. त्या नळीला मध्येच भोक पडलं असेल तर गंमत होते: टाकी भरलेली असताना सगळं छान, निम्म्यावर आली की रोग परत. जुने रबरी पाइप मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल असा पाइप घ्या आणि क्लॅम्पही नवे लावा.

डब्यावरही तो बंद पडला तर पंप पाहा. चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर बॅटरीइतकेच व्होल्ट यायला हवेत. एखादा व्होल्ट कमी म्हणजे वाटेत गंजलेला जोड आहे. मग पंपाचा बाहेरचा पाइप बाटलीत सोडून पंप चालवा. धार अखंड हवी. मध्ये मध्ये बुडबुडे येत असतील तर ओढण्याच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे.

सहावी पायरी: कार्बोरेटर

उघडण्याआधी चोकची चाचणी करा. लोड नसताना रेस वर-खाली होत असेल तर चोक हाताने हळूच निम्मा लावा. इंजिन स्थिर झालं तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे: जेट तुंबलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. आणखी बिघडलं आणि काळा धूर आला तर पेट्रोल जास्त आहे: फ्लोटची सुई (बाउल भरल्यावर पेट्रोल अडवणारी) गळतेय किंवा एअर फिल्टर कोंदलाय. बिनलोडचं धापणं बहुधा छोट्या जेटचं असतं, लोडवर दम तोडणं मोठ्या जेटचं.

उघडताना प्रत्येक स्प्रिंग आणि दांडी कुठल्या भोकात आहे त्याचे फोटो काढा. गव्हर्नरची, म्हणजे इंजिनचा वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग शेजारच्या भोकात गेली तरी वेग बिघडतो. जेट पितळेचे, मऊ असतात, त्यात सुई किंवा तार घुसवू नका. भोक अंशभर मोठं झालं तरी तो जेट गेलाच. क्लीनरमध्ये भिजवा, वायरीतला एक मऊ तांब्याचा धागा फिरवा, हवा मारा आणि उजेडाकडे धरून पाहा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण क्लीनर उलट्या भोकातून थेट तोंडावर उडतो. बाउलखालच्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट देऊन पाहा, टक् असा आवाज करून त्याची पिन आत गेली पाहिजे. गॅस्केट नवं घाला. दोनदा साफ करूनही तीच तक्रार राहिली तर आतल्या न दिसणाऱ्या वाटा बुजल्या आहेत. तेव्हा मात्र नवा कार्बोरेटर घेणंच शहाणपणाचं.

लोडवरच बंद पडत असेल तर

आधी हिशेब करा. ४००० वॅटचा जनरेटर १२० व्होल्टवर सुमारे ३३ अँपिअर देतो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. त्याच वेळी मायक्रोवेव्ह चालू असेल तर जनरेटरचा दोष नाही. उंचीही मोजा: टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरमागे साधारण ३.५ टक्क्यांनी घटते. २००० मीटरवर तुमचे ४००० वॅट सुमारे ३१०० उरतात. काही कार्बोरेटरवर उंचीनुसार फिरवायची खूण असते. डोंगरावर ती फिरवली असेल तर खाली उतरल्यावर परत आणा, नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी राहून तोच त्रास सुरू होईल.

मीटरवर फ्रिक्वेन्सी दिसत असेल तर ती पाहत लोड वाढवा. ६० हर्ट्झच्या यांत्रिक गव्हर्नरवाल्या मशीनवर बिनलोड ६१ ते ६३ दिसावी आणि लोडवर थोडी उतरून स्थिरावावी. ती उतरतच गेली तर इंजिनला पेट्रोल, हवा किंवा कॉम्प्रेशन कमी पडतंय. इन्व्हर्टर जनरेटरला हे लागू नाही, त्याचा वेग लोडप्रमाणे बदलतोच.

डिझेल आणि एलपीजी

डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे जवळजवळ नेहमी फिल्टर किंवा लाइनमध्ये शिरलेली हवा. फिल्टर बदला, एअर काढा, सांधे घट्ट करा. कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठून फिल्टर कोंडतो. एलपीजीवर रेग्युलेटरवर बर्फ धरतंय का पाहा, आणि सिलिंडरमध्ये ब्यूटेन जास्त असेल तर लक्षात ठेवा की ते शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं.

दुरुस्तीनंतर

दहा मिनिटं बिनलोड चालला म्हणून काम झालं असं समजू नका. पंधरा मिनिटं बिनलोड, मग अर्धा तास निम्म्या लोडवर, मग एसी लावून आणखी तासभर चालवा. पुढे दर महिन्याला निदान दोन तास निम्म्या लोडवर चालवत जा. महिनाभराहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर घाला आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ जनरेटर चालवूनच कुलूप लावा. तासमीटरचा आकडा आणि काय बदललं, हे त्याच कागदावर लिहून तो कागद जनरेटरच्या कप्प्याच्या दारामागे चिकटवून ठेवा.